रंगीत नगर आणि अमूर्त चित्र

अमूर्त चित्रासमोर उभे राहिले म्हणजे वडीलधारी मंडळी ‘यात काढले तरी काय आहे?’ असे विचारतात, व मुले ‘एवढे तर आम्हीही काढू’ म्हणून हसतात. परंतु अशा चित्राचा उगम पुष्कळदा एखाद्या खऱ्याखुऱ्या, गजबजलेल्या शहरात असतो. म्हणून आम्ही येथे दोन प्रवासांची हकीकत देत आहो.

स्वित्झर्लंडात जन्मलेला चित्रकार पॉल क्ले हा १९१४ च्या एप्रिलात दोन स्नेह्यांसह उत्तर आफ्रिकेतील ट्यूनिस शहरी गेला. मुक्काम जेमतेम दोन आठवड्यांचा. तोवर त्याचा भर रेषेवर असे. रंग त्यास तितकासा वश नव्हता. तेथील उन्हाने तो वश झाला. त्याच वर्षी त्याने जवळच्या कैरवान शहराच्या नावाने एक चित्र केले. त्यात घर नाही, उंट नाही, मनुष्य नाही. एकमेकांस लागून ठेवलेले रंगीत चौकोन व काही वर्तुळे, एवढेच. शहर गळून गेले, रंगांचा मेळ राहिला.

दुसरे उदाहरण आपल्याच मुलखातले. प्रभाकर बरवे यांचा जन्म १९३६ साली अलिबागनजीक नागाव येथे झाला. मुंबईच्या सर जे. जे. कलाशाळेतील शिक्षण संपवून ते विणकर सेवा केंद्राच्या नोकरीत शिरले, व १९६१ पासून सुमारे चार वर्षे काशीस राहिले. काशी म्हणजे झेंडूच्या राशी, शेंदूर माखलेले देव, घाटावरच्या छत्र्या, जरीची वस्त्रे आणि चितेचा धूर! तथापि बरव्यांच्या त्या काळच्या नावाजलेल्या चित्रांत घाट शोधू गेल्यास सापडत नाहीत. तेथे पाहिलेल्या तांत्रिक चित्रांतील त्रिकोण, वर्तुळ, बिंदू आणि सपाट, ठसठशीत रंग त्यांनी उचलले. मागावर मोर विणावयाचा तरी तो आधी लहान लहान चौकटींत मोडावा लागतो. नोकरीतील ही दृष्टीही त्यांच्या उपयोगी पडली असावी, असा आमचा आपला तर्क आहे. पुढे पान, शंख, घड्याळ अशा ओळखीच्या वस्तू त्यांच्या चित्रांत आल्या. त्यांचे ‘कोरा कॅनव्हास’ हे पुस्तक वरच्या वर्गांतील विद्यार्थ्यांनी अवश्य वाचावे.

मग मुलांच्या हसण्यास उत्तर काय? चित्रातील एक पट्टी मनाने काढून पाहावी. चित्र लंगडे पडले, तर ती पट्टी विचारपूर्वक ठेवलेली होती. काहीच बिघडले नाही, तर मुलांचे म्हणणे खरे. सर्वच अमूर्त चित्रे चांगली असतात, असे आम्ही मुळीच म्हणत नाही.

याची प्रचीती घेण्यास काशीस जावयास नको. घणसोली गावातून खाडीच्या बाजूस एक फेरी मारावी. वाळत घातलेली लुगडी, सुकत टाकलेली मासळी, खारफुटीचा काळपट हिरवा, ओहोटीचा चिखल, हिवाळ्यात रोहित पक्ष्यांचा फिका गुलाबी, हे सर्व नुसते पाहावे. कागद बरोबर नेऊ नये. दुसऱ्या दिवशी डोळे मिटून जे तीन रंग प्रथम आठवतील तेवढेच घ्यावेत, व ज्याने जेवढी जागा व्यापिली होती तेवढाच त्याचा चौकोन करावा. होडी काढण्याचा मोह होईल, तो आवरावा. गुलाबी बोटाच्या पेराएवढा पुरेल. चिखलास मात्र अर्धा कागद द्यावा लागेल. तो चिखल करडा की तपकिरी, यावरून घरात वाद माजल्यास पालकांस बरोबर घेऊन पुन्हा पाहून यावे.