संख्याशास्त्राचा दूरस्थ वर्ग

जागतिक आरोग्य संघटनेने ११ मार्च २०२० रोजी कोविड-१९ ही जागतिक साथ असल्याचे घोषित केले. त्याच महिन्यात राज्यातील महाविद्यालये व विद्यापीठे यांचे वर्ग बंद झाले आणि २५ मार्चपासून देशभर टाळेबंदी लागू झाली. सत्र संपावयास अद्याप काही आठवडे होते. साहित्याच्या किंवा इतिहासाच्या प्राध्यापकास आपले व्याख्यान मोबाइलच्या पडद्यावरून देणे गैरसोयीचे असले तरी अशक्य नव्हते. संख्याशास्त्राच्या प्राध्यापकापुढील अडचण निराळी होती. या विषयाचा मोठा भाग ऐकून येत नाही. तो हाताने करावा लागतो. प्रात्यक्षिकाच्या तासाला विद्यार्थी गणनयंत्र, कोष्टके व वही घेऊन बसतो, आकडे मांडतो, चुकतो, खोडतो. प्राध्यापक बाकांमधून फिरत असताना कोणी प्रसरण काढताना निरीक्षणांच्या संख्येतून एक वजा करावयाचे विसरला आहे, कोणी कोष्टकातील भलतीच ओळ वाचली आहे, हे त्यांना वहीवर नजर टाकताच कळते. वर्ग पडद्यावर गेला तेव्हा व्याख्यान पडद्यावर आले. ही नजर मात्र मागे राहिली.

दूरस्थ शिक्षण महाराष्ट्रास नवे नव्हते. नाशिक येथील यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ १९८९ पासून हेच कार्य करीत आले आहे. पुस्तकावरून संख्याशास्त्र शिकण्याची परंपरा तर त्याहूनही जुनी आहे. वि. गो. पानसे आणि पां. वा. सुखात्मे या दोन मराठी संख्याशास्त्रज्ञांनी कृषी क्षेत्रातील कार्यकर्त्यांसाठी लिहिलेला सांख्यिकीय पद्धतींवरील इंग्रजी ग्रंथ भारतीय कृषी अनुसंधान परिषदेने १९५४ मध्ये प्रसिद्ध केला. पीक-प्रयोगाचे आकडे हाती असलेल्या माणसाने कागद-पेन्सिल घेऊन बसावे आणि सोडवून दाखविलेल्या उदाहरणाच्या आधारे आपले उदाहरण सोडवावे, अशीच त्याची मांडणी आहे. परंतु दूरस्थ शिक्षणासाठी आधीपासून आखलेला अभ्यासक्रम वेगळा आणि फळा-खडूसाठी आखलेला अभ्यासक्रम एका रात्रीत दूर अंतरावर नेणे वेगळे. मार्च २०२० मध्ये जे घडले ते दुसऱ्या प्रकारचे होते.

उत्तर न देणारे विद्यार्थी

"सर्वांना ऐकू येते आहे ना?" या प्रश्नाने त्या काळातील बहुतेक तास सुरू होत. चार-दोन विद्यार्थी "हो सर", "हो मॅडम" असे म्हणत आणि पाठ पुढे सरके. संख्याशास्त्राच्या दृष्टीने या प्रश्नोत्तरात एक जुनाच दोष दडलेला होता. ज्याला ऐकू येत नाही त्याच्यापर्यंत प्रश्नच पोहोचत नाही. मग त्याचे उत्तर यावे कसे?

राष्ट्रीय नमुना पाहणीच्या ७५ व्या फेरीचे (जुलै २०१७ ते जून २०१८) आकडे यावर पुरेसा प्रकाश टाकतात. त्या वेळी देशातील ग्रामीण कुटुंबांपैकी सुमारे १५ टक्के आणि शहरी कुटुंबांपैकी सुमारे ४२ टक्के कुटुंबांकडे इंटरनेटची सोय होती. संगणक असलेल्या कुटुंबांचे प्रमाण ग्रामीण भागात जेमतेम ४ टक्के, तर शहरी भागात सुमारे २३ टक्के होते. ही पाहणी साथीपूर्वीची आहे आणि दोन वर्षांत मोबाइलचा प्रसार वाढला होता, हे खरे. तथापि घरात मोबाइल आहे म्हणजे तो तासाच्या वेळी विद्यार्थ्याच्या हाती आहे, असे होत नाही. तो वडिलांबरोबर कामावर गेलेला असतो किंवा धाकट्या भावंडाची शाळा त्याच वेळी त्यावर भरलेली असते. एकाच मोबाइलवर दोन वर्ग भरत नाहीत.

या विषयाच्या प्रत्येक विद्यार्थ्यास १९३६ सालच्या अमेरिकन निवडणुकीची गोष्ट सांगितली जाते. 'लिटररी डायजेस्ट' या साप्ताहिकाने सुमारे एक कोटी मतपत्रिका टपालाने पाठविल्या. त्यांपैकी वीस लाखांहून अधिक परत आल्या. त्यांच्या आधारे साप्ताहिकाने लँडन विजयी होतील असे भाकीत केले. प्रत्यक्षात रूझवेल्ट प्रचंड बहुमताने निवडून आले. ज्यांच्याकडे पत्रिका गेल्या त्यांची यादी दूरध्वनी व मोटारगाड्या बाळगणाऱ्यांकडे झुकलेली होती आणि ज्यांनी उत्तरे दिली ते न देणाऱ्यांहून वेगळ्या मताचे होते. नमुना कितीही मोठा असला तरी हा दोष त्याने भरून येत नाही. हा पाठ पडद्यावरून शिकविणाऱ्या अनेक प्राध्यापकांचा स्वतःचा वर्ग त्या क्षणी तसाच एकांगी नमुना झालेला होता.

या दुखण्यावर विषयातच औषध आहे. हॅन्सन व हुरविट्झ या दोन अमेरिकन संख्याशास्त्रज्ञांनी १९४६ मध्ये टपाली पाहणीसाठी एक पद्धत सुचविली. उत्तर न देणाऱ्या सर्वांच्या मागे लागणे परवडत नसेल, तर त्यांच्यातून चिठ्ठ्या टाकून थोडे जण निवडावे आणि त्यांची मात्र प्रत्यक्ष गाठ घ्यावी. हीच रीत वर्गास लावून पाहू. समजा, वर्गात ६० विद्यार्थी आहेत. "पाठ नीट पाहता येतो का?" या प्रश्नास ३६ जणांनी उत्तर दिले आणि त्यांपैकी ३० जणांनी "होय" असे सांगितले. म्हणजे उत्तर देणाऱ्यांपैकी ८३ टक्के समाधानी. उरलेल्या २४ जणांतून चिठ्ठ्या टाकून ६ जण निवडले. त्यांच्या घरी, शेजाऱ्याकडे, गावातील ओळखीच्या माणसाकडे दूरध्वनी करून त्यांना गाठले. सहांपैकी एकालाच पाठ पाहता येत होता. तेव्हा न बोलणाऱ्या २४ जणांत असे अंदाजे ४ जण असावेत. ३० आणि ४ मिळून ३४. साठांपैकी ३४ म्हणजे ५७ टक्के. सहा जणांच्या नमुन्यावर आधारलेल्या या अंदाजात त्रुटी बरीच राहील. पण ८३ टक्क्यांच्या आकड्याने होणारी फसवणूक त्यात नाही.

हे सहा दूरध्वनी करण्यास एक संध्याकाळ पुरते. पडद्यावरील उपस्थितीचे तक्ते वरिष्ठांकडे पाठविण्यात त्याहून अधिक वेळ जात असे, हे येथे नमूद करावयास हरकत नाही.

हरभऱ्यांचे प्रात्यक्षिक

संगणक नसलेल्या विद्यार्थ्यास प्रात्यक्षिक कसे द्यावे, हा पुढचा प्रश्न. 'आर' ही संगणकप्रणाली न्यूझीलंडमधील ऑकलंड विद्यापीठातील दोन संख्याशास्त्रज्ञांनी १९९० च्या दशकात निर्माण केली. ती विनामूल्य आहे आणि जगभर या विषयासाठी वापरली जाते. परंतु ती चालवावयास संगणक हवा. दूरच्या संगणकावर ती चालवून तिची उत्तरे मोबाइलवर पाहण्याची सोय आहे. मात्र तिला अखंड इंटरनेट लागते आणि लहानशा पडद्यावर आज्ञावली टंकताना एखादा स्वल्पविराम निसटला की अर्धा तास जातो.

अशा वेळी स्वयंपाकघर उपयोगी पडते. घरातील हरभऱ्याचे ४०० दाणे मोजून घ्यावे. त्यांपैकी १०० दाण्यांवर शाईचा ठिपका द्यावा व सर्व दाणे डब्यात घालून चांगले हलवावे. न पाहता २० दाणे काढावे, ठिपक्याचे किती आले ते लिहावे, दाणे परत टाकावे व पुन्हा हलवावे. असे दहा वेळा करून दहा आकडे साध्या लघुसंदेशाने प्राध्यापकांकडे पाठवावे. त्यास इंटरनेट लागत नाही. चाळीस विद्यार्थ्यांनी हे केले की ४०० नमुने जमतात. प्रत्येक नमुन्यात सरासरी ५ ठिपक्यांचे दाणे अपेक्षित आहेत आणि प्रमाण विचलन सुमारे १.९ येते. म्हणून बहुतेक उत्तरे २ ते ८ यांच्या दरम्यान पडतात. क्वचित कोणाला शून्य किंवा दहाही मिळतात. ज्याला दहा मिळाले त्याला आपले काही चुकले असे वाटते. प्राध्यापकांनी चारशे उत्तरांचा स्तंभालेख कागदावर काढून सर्वांना पाठविला की आपला दहाचा आकडा त्या घंटाकृती आलेखाच्या उजव्या टोकास कोठे बसतो, हे त्याला दिसते. नमुन्यानमुन्यांत फरक पडणे ही चूक नसून तो नमुन्याचा स्वभावच आहे, ही गोष्ट या विषयाचा पाया होय. ती प्रमेयाच्या सिद्धतेपेक्षा हरभऱ्यांनी लवकर पटते. शिवाय चाळीस घरांत एकाच वेळी चाळीस डबे हलविले जाणे प्रयोगशाळेतही सहजी जमणारे नाही.

एका गोष्टीची काळजी मात्र घ्यावी लागते. ठिपक्यांसाठी दुसरे कडधान्य वापरू नये. दाण्यांचा आकार भिन्न असला की लहान दाणे तळाशी जातात आणि नमुना यादृच्छिक राहत नाही. एखाद्या विद्यार्थ्याने हरभऱ्यात वाटाणे मिसळून हा दोष स्वतः शोधून काढला, तर त्याला अधिक गुण द्यावेत.

साथीचे आकडे हेच पाठ्यपुस्तक

त्या दिवसांत घरोघरी रोज सायंकाळी आकडे वाचले जात होते. तेव्हा उदाहरणांसाठी परदेशी पुस्तकांतील फुलांच्या पाकळ्या मोजण्याची गरज उरली नव्हती. जुलै २०२० मध्ये मुंबई महानगरपालिका, निती आयोग व टाटा मूलभूत संशोधन संस्था यांनी आर-उत्तर, एम-पश्चिम व एफ-उत्तर या तीन प्रभागांत ६,९३६ व्यक्तींच्या रक्ताचे नमुने घेतले. झोपडपट्टीतील ५७ टक्के, तर इतर वस्तीतील १६ टक्के व्यक्तींच्या रक्तात प्रतिपिंडे आढळली. "तर मग तिन्ही प्रभागांत मिळून प्रमाण किती?" असे विचारले असता विद्यार्थी ५७ व १६ यांची बेरीज करून दोनाने भागतो आणि ३६.५ हे उत्तर देतो. ते चूक आहे. दोन्ही स्तरांतील लोकसंख्या समान असेल तरच ते बरोबर ठरेल. अन्यथा प्रत्येक स्तरास त्याच्या लोकसंख्येचा भार द्यावा लागतो. स्तरित नमुन्याचे सूत्र येथे एका प्रश्नातच उभे राहते. त्याच्या पाठोपाठ, रक्त देण्यास कोणी नकार दिला आणि ते कोणत्या वस्तीतील होते, हा प्रश्न विद्यार्थी आपण होऊन विचारू लागतो.

तपासणीच्या विश्वासार्हतेचा पाठही असाच. समजा, एक तपासणी १०० बाधितांपैकी ८० जणांना बाधित ठरविते आणि १०० निरोगी व्यक्तींपैकी दोघांना चुकून बाधित ठरविते. १०,००० लोकांत एक टक्का बाधित असतील, तर १०० बाधितांपैकी ८० आणि ९,९०० निरोगींपैकी १९८ असे एकूण २७८ जण बाधित ठरतात. त्यांत खरे बाधित केवळ २९ टक्के. हीच तपासणी २० टक्के लोक बाधित असलेल्या वस्तीत केली, तर १,७६० जण बाधित ठरतात व त्यांत १,६०० खरे असतात. म्हणजे ९१ टक्के. तपासणी तीच, वस्ती बदलली. बेजच्या प्रमेयाचे नाव न घेताही हा हिशेब समजतो आणि घरातील वडीलधाऱ्यांना समजावूनही देता येतो.

परीक्षा

विद्यापीठ अनुदान आयोगाने ६ जुलै २०२० रोजी अंतिम वर्षाच्या परीक्षा सप्टेंबरअखेर घेण्याविषयी मार्गदर्शक सूचना दिल्या. सर्वोच्च न्यायालयाने २८ ऑगस्ट रोजी त्या ग्राह्य धरल्या व राज्यांना मुदतवाढ मागण्याची मुभा ठेवली. त्यानंतर राज्यातील विद्यापीठांत बहुपर्यायी प्रश्नांच्या ऑनलाइन परीक्षांचा मोठ्या प्रमाणावर अवलंब झाला. हजारो विद्यार्थ्यांचे निकाल वेळेत लावण्यास दुसरा सोपा उपाय नव्हता. तरीही संख्याशास्त्रात चार पर्यायांपैकी एक निवडणे हे ज्ञानाचे अत्यंत दुबळे माप आहे. काहीही न शिकता ५० प्रश्नांस अंदाजे खुणा करणाऱ्यास सरासरी साडेबारा गुण मिळतात, हे त्याच विषयाचे गणित सांगते. घरोघरी बसलेल्या मित्रांत उत्तरे फिरू लागली की तेवढाही अर्थ उरत नाही.

अंतर्गत मूल्यमापन प्राध्यापकांच्या हाती होते आणि तेथे बरेच करता येण्याजोगे होते. आसन क्रमांकाचे शेवटचे तीन अंक बीज म्हणून वापरले की संगणक प्रत्येक विद्यार्थ्यासाठी निराळे आकडे तयार करतो. रीत एकच, उत्तर प्रत्येकाचे वेगळे. मग मित्राचे उत्तर उतरवून लाभ नाही. रीत विचारावी लागते आणि रीत विचारणे म्हणजे अभ्यासच होय. याच्या जोडीला प्रत्येकाशी दहा मिनिटे दूरध्वनीवर बोलावे आणि "तुमचा निष्कर्ष गणित न शिकलेल्या माणसास सांगा" एवढेच म्हणावे. साठ विद्यार्थ्यांस दहा तास लागतात. उत्तरपत्रिका तपासण्यासही तितकेच लागतात आणि त्यांतून विद्यार्थ्याचा आवाज ऐकू येत नाही.

राज्यातील महाविद्यालयांचे वर्ग २० ऑक्टोबर २०२१ पासून पुन्हा सुरू झाले. २०२० मध्ये प्रवेश घेतलेले विद्यार्थी तोवर दुसऱ्या वर्षात पोहोचले होते आणि त्यांच्यापैकी अनेकांची प्रात्यक्षिकाची वही जवळजवळ कोरी होती. अशा वर्गात दुसऱ्या वर्षाचा पहिला पाठ लगेच सुरू करणे व्यर्थ होते. पहिल्या वर्षाची निवडक प्रात्यक्षिके आधी हाताने करून घेणे हाच मार्ग होता. त्याहून आधीचे काम हजेरीपटाचे. पटावरील नावे आणि बाकांवर बसलेले विद्यार्थी यांचा मेळ घालावयाचा, जी नावे उरतील त्यांना दूरध्वनी करावयाचा आणि दूरध्वनी लागला नाही तर प्रवेशअर्जावरील पत्त्यावर पत्र पाठवावयाचे. ही यादी लहान असते. तीत चिठ्ठ्या टाकून निवड करण्याचे कारण नाही. प्रत्येकाला पत्र लिहिता येते.