तयार साचा आणि कौशल्याचे मूल्य : झाशीतील व्हिडिओ संपादन व्यवसायाच्या निमित्ताने

झाशी हे नाव मराठी वाचकास १८५७ च्या संग्रामामुळे परिचित आहे. रोजगाराच्या दृष्टीने मात्र या शहराचे प्रश्न बुंदेलखंडातील इतर शहरांसारखेच आहेत. संघटित क्षेत्रातील नोकऱ्या मुख्यतः रेल्वे व तिचा वॅगन दुरुस्ती कारखाना, 'भेल'चा प्रकल्प आणि शासकीय कार्यालये एवढ्यापुरत्या मर्यादित आहेत. उरलेला तरुणवर्ग एकतर स्थलांतर करतो किंवा लहान सेवा व्यवसायांकडे वळतो. विवाहसमारंभांचे चित्रीकरण व त्याचे संपादन हा असाच एक व्यवसाय होय. त्यासाठी लागणारे भौतिक भांडवल माफक असते. एक बऱ्यापैकी संगणक पुरतो. दा विंची रिझॉल्व्हसारख्या सॉफ्टवेअरची मूळ आवृत्ती तर विनामूल्य मिळते. दुर्मीळ असते ते कौशल्य, आणि ती उणीव भरून काढण्याचे आश्वासन 'टेम्प्लेट' म्हणजे तयार साचा देतो.

साचा म्हणजे अगोदरच रचून ठेवलेला प्रकल्प. त्यात शीर्षके, दृश्यांमधील संक्रमणे, संगीत आणि छायाचित्रांच्या रिकाम्या चौकटी ठरलेल्या असतात. शिकाऊ संपादकाने आपली दृश्ये त्यांत बसवायची. उत्तर भारतातील लग्नाच्या स्टुडिओंमध्ये एडियस हे सॉफ्टवेअर दीर्घकाळ प्रचलित असून त्यासाठीच्या अशा प्रकल्पांचे संच विकले जातात.

अर्थशास्त्राच्या परिभाषेत साचा ही माहिती-वस्तू आहे. ती प्रथम घडविण्याचा स्थिर खर्च मोठा, परंतु पुढील प्रतीचा सीमांत खर्च जवळजवळ शून्य असतो. त्यामुळे एका दुकानाकडे असलेला साचा लवकरच शेजारच्या दुकानाकडेही पोहोचतो. सर्वांचे उत्पादन एकसारखे झाले की स्पर्धा केवळ किमतीवर होते आणि संपादकाचा मोबदला घसरतो. साच्याने वाचविलेल्या वेळेचा लाभ अशा रीतीने ग्राहकाकडे जातो. शिकाऊ कामगाराकडे त्यातील फारसे काही उरत नाही. मानवी भांडवलाच्या चर्चेत हा मुद्दा सहसा दुर्लक्षित राहतो.

तरीही साचा त्याज्य ठरत नाही. केनेथ ॲरो यांनी १९६२ मध्ये 'कृतीतून शिक्षण' ही संकल्पना मांडली. उत्पादनाच्या अनुभवातून उत्पादकता वाढते, असे तिचे सूत्र आहे. पण अगदी नवशिक्याला कृती सुरू कोठून करावी हेच उमगत नाही. ऑस्ट्रेलियातील मानसशास्त्रज्ञ जॉन स्वेलर व ग्रॅहॅम कूपर यांनी १९८५ मध्ये बीजगणिताच्या विद्यार्थ्यांवरील प्रयोगांतून दाखविले की, सोडविलेली उदाहरणे अभ्यासणारा नवशिका, केवळ नवी गणिते सोडवीत राहणाऱ्यापेक्षा कमी वेळात शिकतो. साचा हे संपादनातील सोडविलेले उदाहरणच आहे. याच संशोधनपरंपरेतून २००३ मध्ये पुढे आलेला निष्कर्षही ध्यानात ठेवावयास हवा : जाणकारी वाढत गेली की तीच मदत निरुपयोगी, प्रसंगी अडथळा ठरते.

हा अडथळा प्रत्यक्षात कसा येतो? साचा सेकंदाला २५ चित्रचौकटींचा असेल आणि मोबाइलवरील चित्रण ३० चा, तर दर सेकंदाला ५ चौकटी गळतात व कॅमेरा फिरताना दृश्य धक्के खाते. साच्यावरच विसंबलेल्या संपादकाला दोष दिसतो, कारण कळत नाही. याहून गंभीर बाब कालावधीची आहे. साच्यातील प्रत्येक चौकट समजा ५ सेकंदांची आहे. जयमालेच्या छायाचित्राला तेवढा वेळ पुरेल; विदाईच्या वेळी वडिलांच्या चेहऱ्यावर कॅमेरा १२ सेकंद थांबला असेल, तर त्यातील ७ सेकंद कापले जातील. कोणते दृश्य किती काळ ठेवावे हा निर्णय म्हणजेच संपादन, आणि ग्राहक अधिक मोबदला देतो तो याच निर्णयासाठी. साच्याने तो आधीच घेऊन टाकलेला असतो.

म्हणून शिकणाऱ्याने साचा वापरण्याबरोबर उलगडलाही पाहिजे. प्रथम साचा जसाच्या तसा भरावा. नंतर त्यातील एकेक घटक, जसे संगीत, संक्रमणे व शीर्षके, काढून स्वतः बसवावा. अखेरीस तोच प्रसंग रिकाम्या टाइमलाइनवर पुन्हा रचावा. यासाठी लागणारा वेळ झाशीच्या बाजारात ऋतुमानच देते. चातुर्मासात, तसेच सूर्य धनू व मीन राशींत असतानाच्या खरमासात विवाह जवळजवळ थांबतात. त्या काळात शिकण्याचा वैकल्पिक खर्च, म्हणजे शिकण्यासाठी सोडावे लागणारे उत्पन्न, अत्यल्प असतो. लग्नसराईत मात्र साच्याविना काम वेळेवर देणे कठीण, हेही मान्य करावे लागेल.

कायद्याची बाजू थोडक्यात. भारतीय कॉपीराइट कायदा, १९५७ संगणक आज्ञावलीस साहित्यकृती मानून संरक्षण देतो. संगीत व चित्रकृतीही त्याच कायद्याखाली येतात. परवान्याविना नक्कल केलेला साचा व्यावसायिक कामात वापरणे त्यामुळे जोखमीचे असते.

धोरणाच्या पातळीवर राष्ट्रीय कौशल्य अर्हता आराखडा डिसेंबर २०१३ मध्ये अधिसूचित झाला, प्रधानमंत्री कौशल्य विकास योजना जुलै २०१५ मध्ये सुरू झाली आणि सप्टेंबर २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने ॲनिमेशन, दृश्य-परिणाम व गेमिंग क्षेत्रासाठी मुंबईत राष्ट्रीय उत्कृष्टता केंद्र उभारण्यास मान्यता दिली. अर्हता आराखड्याचा भर प्रशिक्षणाच्या तासांपेक्षा प्रत्यक्ष क्षमतेवर आहे. हे तत्त्व व्हिडिओ संपादनास लावायचे, तर मूल्यमापनात उमेदवाराला तयार साचा न देता तासाभराचे कच्चे चित्रण व रिकामी टाइमलाइन द्यावी लागेल आणि निवडलेल्या प्रत्येक दृश्याच्या लांबीचे कारण विचारावे लागेल. अशी परीक्षा घेण्यास परीक्षकही संपादनाचा जाणकार असावा लागतो, आणि लहान शहरांतील केंद्रांसाठी असे परीक्षक तयार करणे हा खर्चाचा स्वतंत्र विषय आहे.