भीतीची वेळ तीच योगाची वेळ

अगं पोरी, स्तनाच्या कॅन्सरचे उपचार चालू असताना पहाटे उठून सूर्यनमस्कार घालायचा हट्ट धरू नकोस. तुला भीती कधी गाठते ते आधी बघ. रिपोर्टच्या आदल्या रात्री, ओपीडीच्या बाकावर, की किमोनंतर झोप उडते तेव्हा? योग त्या वेळेला करायचा, पाच मिनिटं का होईना.

आधी डॉक्टरांना विचार. परळच्या टाटा हॉस्पिटलनं 850 बायकांना घेऊन अभ्यास केला. नेहमीचे व्यायाम सगळ्यांनाच होते, एका गटाला योगाची जोड दिली. आसनं सोपी, मधेमधे विश्रांती आणि प्राणायाम. त्याचे निष्कर्ष 2022 मध्ये अमेरिकेत सॅन अँटोनियोच्या परिषदेत मांडले गेले. पण उपचार कुणाचेच थांबवले नव्हते हे विसरू नकोस. ‘योग कर आणि किमो सोड’ म्हणणारा कितीही जवळचा असला तरी त्याचं ऐकायचं नाही.

परळला जाताना डोंबिवलीहून स्लो लोकलच पकड. फास्ट तिथे थांबत नाही, आणि दादरचा जिना चढून गाडी बदलायची ताकद त्या दिवशी नसते. दिव्यांगांच्या डब्यात कॅन्सरच्या पेशंटला बसता येतं, फाइल हाताशी ठेव. बसलीस की नाकानं श्वास घेताना मनात तीन मोज, सोडताना पाच. रोखून धरायचा नाही. ठाणे ते मुलुंड एवढंच कर, मग खिडकीबाहेर बघ. भांडुपनंतर वाटलं तर पुन्हा.

हात पोटावर ठेव. ऑपरेशननंतर छातीवर हात ठेवायला मन धजत नाही, आणि घाई कसलीच नाही. श्वासाकडे लक्ष गेलं की कधी रडू फुटतं. फुटू दे. घरातले ‘पॉझिटिव्ह राहा’ म्हणतील, पण शांत दिसण्यासाठी योग करायचा नसतो.

किमोसोबत स्टेरॉइड दिलं असेल तर रात्री टक्क जाग राहते. छताकडे बघत हिशेब मांडू नकोस. पाठीवर पड, गुडघ्यांखाली उशी, ऑपरेशनच्या बाजूच्या हाताखाली दुसरी. पायाच्या अंगठ्यापासून कपाळापर्यंत एकेक अवयव मनात घेत सैल सोड. भ्रामरीचा गुणगुणाट इतका हलका कर की शेजारी झोपलेल्या सासूबाईंची कूसही बदलू नये. झोप नाही आली तरी अंगाला विसावा मिळतो.

आता काय टाळायचं ते नीट ऐक. ऑपरेशननंतरची ड्रेनची नळी असेपर्यंत हात डोक्यावर ताणायचा नाही. फिजिओथेरपिस्टनं दिलेले खांद्याचे व्यायाम आधी. काखेतल्या गाठी काढल्या असतील तर त्या हातावर अंगाचा भार नको. कपालभाती, भस्त्रिका आणि डोकं खाली-पाय वर असली आसनं उपचारांत नकोत. आजार हाडांत असेल तर पीळ देणारी आणि पुढे वाकायची आसनंही नकोत. तळपायांना मुंग्या येत असतील तर भिंत धरूनच उभी राहा. पांढऱ्या पेशी खाली असताना वर्गाला जायचं नाही, घरीच.

पेशी सावरल्या आणि डॉक्टर हो म्हणाले की मग चार जणींत जा. ठाण्यात योगवर्गांसाठी घंटाळी मित्र मंडळ आहे, अंबिका योग कुटीर आहे. पहिल्याच दिवशी शिक्षकांना ऑपरेशन, किमो सगळं सांग. लाजायचं काही कारण नाही. ‘आणखी थोडं ताणा’ असं सगळ्यांना सांगितलं तरी तू आपल्या खांद्याचं ऐक.

आणि दोन आठवडे जेवण-झोप गेली, कशातच जीव लागेना, तर ते नुसत्या श्वासावर ढकलू नकोस. पुढच्या ओपीडीत डॉक्टरांना स्पष्ट सांग, समुपदेशक माग. रात्रीच जीव नकोसा वाटला तर घरातल्यांना उठव आणि टेली-मानस हेल्पलाइनचा 14416 लाव. तो फुकट आहे, चोवीस तास चालतो. हा नंबर आत्ताच मोबाइलमध्ये भरून ठेव, नवऱ्याच्याही.