काच किती, वीट किती

रेडिंगजवळच्या आमच्या पहिल्या घराला आधीच्या मालकांनी बांधलेली कंझर्व्हेटरी होती. दुसऱ्या घरी आम्ही ऑरेंजरी बांधून घेतली. दोन्हींत राहून झालंय, त्यामुळे मंडळाच्या कार्यक्रमात कुणाचं घर वाढवायचं चाललं असेल तर मला हमखास बाजूला घेऊन विचारतात. त्यांना जे सांगते तेच इथे लिहिते. नियम सांगितले आहेत ते इंग्लंडचे; स्कॉटलंड आणि वेल्समध्ये ते वेगळे आहेत.

१. नावाकडे नको, छपराकडे बघा

पूर्वी इथल्या नियमांत कंझर्व्हेटरीची व्याख्या आकड्यांत होती: छपराचा किमान ७५ टक्के आणि भिंतींचा किमान ५० टक्के भाग काचेचा किंवा उजेड आत येऊ देणारा. धंद्यातले लोक अजून तोच हिशेब धरतात. ऑरेंजरीला विटांचे जाड खांब असतात, कडेने धाब्यासारखं सपाट छत आणि मधोमध वर उचललेला काचेचा लँटर्न. हल्ली कंझर्व्हेटरीला कोपऱ्यांत चार विटा जास्त लावून तिलाच ऑरेंजरी म्हणतात आणि भावही त्या नावाचा लावतात. कोटेशनमध्ये छपराचा किती भाग काच आणि किती भाग पक्का, हे लिहून मागा. भावात २० टक्के व्हॅट धरलाय का, तेही त्याच दमात विचारा.

२. जानेवारीत संध्याकाळी सातला तिथे कोण बसणार?

मे महिन्यात शोरूम बघायला गेलात तर कंझर्व्हेटरीच घ्याल. आमच्या जुन्या कंझर्व्हेटरीवर पॉलिकार्बोनेटचं छप्पर होतं. पाऊस सुरू झाला की कोकणात पत्र्याखाली बसल्यासारखं वाटे. टीव्हीचा आवाज वाढवूनही उपयोग नसे. जुलैत दुपारी आत पाऊल ठेववत नसे. लिंकनशरमध्ये कोनिंग्जबीला ४०.३ अंश तापमान नोंदलं गेलं तो १९ जुलै २०२२ चा दिवस सोडाच, साध्या पंचवीस अंशांतही तिथे घाम फुटायचा. आता चांगली काच मिळते, ऊन परतवणारी आणि आतली ऊब धरून ठेवणारी. तिने फरक पडतो, पण काच ती काचच. इन्सुलेशन घातलेल्या छपराची बरोबरी तिला जमत नाही.

तरी त्या खोलीची एक बाजू मला मांडलीच पाहिजे. सांगलीहून सासूबाई आल्या तेव्हा जून होता. आत डोकावून म्हणाल्या, "एवढं ऊन, धूळ नाही, कावळा नाही, आणि तुम्ही इथे खुर्च्या मांडून बसता?" दुसऱ्या दिवशी प्लॅस्टिकचा कागद अंथरून साबुदाण्याच्या चिकवड्या घातल्या. दुपारपर्यंत काचांना आतून घाम सुटला आणि चिकवड्या ओल्याच. बाजूच्या खिडक्या उघडून काही होईना, कारण गरम हवा वर कोंडलेली. छपरातलं व्हेंट उघडलं तेव्हा कुठे त्या कडकडीत वाळल्या. काहीही बांधलंत तरी छपरात उघडता येणारं एक तरी व्हेंट घ्या. सेल्समन आपणहून ते सुचवत नाही, खर्च वाढतो म्हणून.

तुळस आणि कढीपत्ता मात्र ऑक्टोबरातच उचलून स्वयंपाकघराच्या खिडकीत न्यावे लागत, कारण रात्री ती खोली बाहेरइतकीच गार. ऑरेंजरीत ते आता वर्षभर जागचे हलत नाहीत. ही वास्तू मुळात निघालीच त्यासाठी. व्हर्सायला मान्सारने १६८४ ते १६८६ मध्ये बांधलेल्या ऑरेंजरीत संत्र्या-लिंबांची झाडं हिवाळ्यात कुंड्यांसकट आत जातात आणि उन्हाळ्यात बाहेर येतात. हा क्रम आजही चालू आहे.

३. खरा प्रश्न मधल्या दाराचा आहे

हा मुद्दा बहुतेकांना कोटेशनवर सही झाल्यावर कळतो. कंझर्व्हेटरीला साधारणपणे बिल्डिंग रेग्युलेशन्समधून सूट मिळते, पण अटी आहेत: ती तळमजल्यावर हवी, क्षेत्रफळ ३० चौरस मीटरच्या आत हवं, घर आणि तिच्यामध्ये बाहेरच्या दर्जाची भिंत, दार किंवा खिडकी हवी, आणि तिथलं हीटिंग स्वतंत्रपणे चालू-बंद करता आलं पाहिजे. काच आणि वीज यांना तरीही नियम लागू राहतातच. मधलं दार काढलं किंवा घरातला रेडिएटर सरळ आत ओढला की सूट गेली. मग ती तुमच्या घराचीच खोली, आणि पाया, छप्पर, इन्सुलेशन, सगळं बिल्डिंग कंट्रोलला दाखवावं लागतं. जुन्या कंझर्व्हेटरीचं काचेचं छप्पर काढून कौलांसारखं पक्कं बसवायचं असेल तरी तीच परवानगी लागते.

"दार काढून टाका, कोण बघायला येतंय," असं म्हणणारे बिल्डर भेटतात. त्यांच्याकडून चहासुद्धा घेऊ नका.

आम्हाला स्वयंपाकघरालाच लागून मोकळी जागा हवी होती, मधे दार नको होतं. एवढ्यावर ऑरेंजरीचा निर्णय झाला. ती कंझर्व्हेटरीपेक्षा बरीच महाग पडली: मागची भिंत पाडून लोखंडी बीम टाकावा लागला आणि इन्स्पेक्टर पाया बघून गेल्याशिवाय काँक्रीट ओतता आलं नाही. तुम्हाला दार चालणार असेल, नुसतं एप्रिल ते सप्टेंबर चहा-पेपरापुरतं ऊन हवं असेल, तर एवढा खर्च करू नका. चांगली काच असलेली कंझर्व्हेटरी पुरे.

४. नव्या खोलीतल्या उजेडाचं बिल मधली खोली भरते

क्यू गार्डन्सला एका दुपारी जाऊन या. तिथली ऑरेंजरी विल्यम चेंबर्सची, १७६१ ची. देखणी आहे, पण आत उजेड कमी, त्यामुळे संत्र्यांची झाडं तिथे नीट वाढेनात. आज तिथे रेस्टॉरंट आहे. काचेवरचा कर १८४५ मध्ये उठला आणि त्याच सुमारास, १८४४ ते १८४८ मध्ये, तिथलं पाम हाऊस उभं राहिलं, सगळं लोखंड आणि काच. दोन्हींत पाच-पाच मिनिटं उभं राहिलात की ब्रोशर चाळायची गरज उरत नाही.

घराच्या मागे काहीही बांधलं की आधीची मागची खोली मधली होते आणि अंधारते. ऑरेंजरीत हे जास्त जाणवतं. लँटर्न शक्यतो घराच्या भिंतीकडे सरकवून घ्या, बागेकडे नको. बागेच्या बाजूला दारं-खिडक्या असतातच.

५. दिशा

दक्षिणेला तोंड असेल तर काच कमी करा, उत्तरेला असेल तर वाढवा. पडदे नंतर घेऊ म्हणू नका. छपराचे पडदे अंगावर येण्याइतके महाग असतात.

६. फोडणी

मधे दार नाही म्हणजे लसणीच्या फोडणीला सोफ्यापर्यंत मोकळा रस्ता. हवा नुसती गाळून आत सोडणारी चिमणी घेऊ नका, नळीने बाहेर फेकणारी घ्या, आणि नळीची वाट भिंत बंद होण्याआधी ठरवा.

७. जमिनीखाली काय आहे ते आधी उघडून बघा

लॉनमध्ये मॅनहोलचं झाकण दिसतंय? मग सांडपाण्याचा नकाशा मागवा. सार्वजनिक सीवरच्या ३ मीटरच्या आत बांधायचं तर पाणी कंपनीची संमती लागते, आणि १ ऑक्टोबर २०११ पासून शेजाऱ्यांशी सामायिक असलेल्या बऱ्याच नळ्याही कंपन्यांकडे गेल्या आहेत. जमीन चिकणमातीची आणि जवळ मोठं झाड असेल तर पाया खोल जातो, बजेटही त्याच्याबरोबर. शेजाऱ्याच्या इमारतीपासून ३ मीटरच्या आत त्याच्या पायापेक्षा खोल खणायचं असेल तर पार्टी वॉल कायद्याप्रमाणे महिनाभर आधी नोटीस द्यावी लागते. नोटीस पोस्टाने टाकण्याआधी बेल वाजवून स्वतः सांगा. लेखी कागद अचानक हातात पडला की इथला माणूस बिथरतो, आपलाही बिथरेल.

८. परवानगी लागत नसली तरी कागद घ्या

जोडघराला मागे ३ मीटर आणि सुट्या घराला ४ मीटरपर्यंत एकमजली बांधकाम, उंची ४ मीटरच्या आत, बहुधा प्लॅनिंग परमिशनशिवाय होतं. शेजाऱ्यांना कळवण्याची ठरलेली प्रक्रिया केली तर अनुक्रमे ६ आणि ८ मीटरपर्यंत जाता येतं. मोजमाप मूळ घरापासून धरतात, म्हणजे १ जुलै १९४८ ला होतं तसं, किंवा नंतर बांधलं असेल तर पहिल्यांदा बांधलं तसं. आधीच्या मालकाने वाढवलेलंही तुमच्या खात्यात धरलं जातं. फ्लॅटना ही सवलत नाही, आणि काही नव्या वसाहतींत ती कौन्सिलने आधीच काढून घेतलेली असते. काम सुरू होण्याआधी कौन्सिलकडून कायदेशीर असल्याचा दाखला घ्या, आणि बिल्डिंग कंट्रोल लागलं असेल तर त्यांचं कम्प्लिशन सर्टिफिकेट हातात पडेपर्यंत बिल्डरचा शेवटचा हप्ता थांबवून ठेवा. उद्या घर विकायला काढाल तेव्हा समोरचा सॉलिसिटर हेच दोन कागद मागेल.