आयईएल्टीएसचा निबंध: पैसे कुठे घालावेत, कुठे वाचवावेत

परदेशी शिक्षणाचा हिशेब मांडताना विमानाचं तिकीट, व्हिसा, राहण्याचा खर्च हे सगळं वहीत उतरतं. चाळीस मिनिटांत लिहायचा एक निबंध मात्र कुणी खर्चात धरत नाही. भारतात आयईएल्टीएस या इंग्रजीच्या परीक्षेची फी सध्या 18,000 रुपयांच्या आसपास आहे, आणि ती दुसऱ्यांदा भरायची वेळ आली तर त्यामागे बहुधा रायटिंगच असतं.

एक उदाहरण घ्या. लिसनिंग 7.5, रीडिंग 7, स्पीकिंग 6.5, रायटिंग 5.5. सरासरी येते 6.625, ती जवळच्या अर्ध्या बँडला नेली की 6.5. घरात पेढे वाटले जातात. मग विद्यापीठाचं पत्र नीट वाचलं की कळतं, एकूण 6.5 हवेत हे खरं, पण कोणत्याही एका विभागात 6 पेक्षा कमी चालणार नाही. ब्रिटनमधल्या अनेक अभ्यासक्रमांना अशी अट असते. म्हणून फी भरण्याआधी आपल्या अभ्यासक्रमाची रायटिंगची वेगळी अट शोधून लिहून ठेवा. हे काम फुकट होतं.

रायटिंगचा पेपर साठ मिनिटांचा. टास्क वन किमान 150 शब्दांचा, टास्क टू म्हणजे निबंध किमान 250 शब्दांचा. निबंधाचं वजन दुप्पट. कोणता आधी लिहायचा यावर बंधन नाही, पण वीस आणि चाळीस मिनिटांची वाटणी मोडू नका. टास्क वनचा आलेख रंगवत बसलेला विद्यार्थी निबंधाचा शेवट अर्धवट सोडतो, आणि दुप्पट वजन तिथेच असतं.

आता गुण कशाला मिळतात ते. परीक्षक चार निकषांवर बँड देतो आणि चारही निकष सारख्याच वजनाचे: प्रश्नाला दिलेलं उत्तर, मांडणीची सलगता, शब्दसंपदा, व्याकरण. प्रत्येक बँडला नेमकं काय अपेक्षित आहे याचा तक्ता आयईएल्टीएसने स्वतःच जाहीर केला आहे, तोही विनामूल्य. तरी त्याच तक्त्याच्या झेरॉक्सला ‘सिक्रेट नोट्स’ म्हणून पैसे मोजणारी मुलं आहेत.

सर्वांत जास्त नुकसान पहिल्या निकषात होतं. समजा प्रश्न आला: शहराच्या मध्यभागी खासगी गाड्यांना बंदी घातली तर फायदे तोट्यांपेक्षा जास्त आहेत का? विद्यार्थी प्रदूषणावर तीन परिच्छेद भरतो, कारण प्रदूषणावरचा निबंध त्याचा पाठ असतो. बंदीचं काय, तोट्यांचं काय, त्याचं स्वतःचं मत काय, हे कुठेच नाही. इंग्रजी उत्तम असूनही असा निबंध वर जात नाही. सातच्या बँडला प्रश्नाचे मुख्य भाग हाताळलेले हवेत आणि मत सुरुवातीपासून शेवटपर्यंत स्पष्ट हवं. मत कोणत्या बाजूचं, याच्याशी परीक्षकाला देणंघेणं नाही. पाठ केलेली वाक्यं ओळखायला तो शिकलेला असतो.

आपल्या मुलांची आणखी एक सवय शाळेतून येते. सुविचाराने सुरुवात, मग ‘आजच्या धावपळीच्या युगात’, मग थोरामोठ्यांचं वचन. दहावीच्या पेपरात शिक्षकांना ते आवडत असेल. इथे त्यात पन्नास शब्द आणि चार मिनिटं वाया जातात. दोन वाक्यांत विषय आणि मत सांगा, पुढच्या दोन परिच्छेदांत एकेक मुद्दा घेऊन तो कारण आणि उदाहरणासह पूर्ण करा. प्रत्येक वाक्याच्या तोंडी ‘मोरओव्हर’, ‘फरदरमोअर’ ठेवल्याने सलगता येत नाही. जोडशब्दांचा यांत्रिक वापर ही सहाच्या बँडची खूण म्हणून तक्त्यातच नोंदलेली आहे.

व्याकरणात मराठी माणसाचं घोडं अडतं ते ‘अ’ आणि ‘द’पाशी, कारण आपल्या भाषेत आर्टिकल नाहीच. सातसाठी बिनचूक वाक्यं वारंवार दिसायला हवीत. तेव्हा शेवटची पाच मिनिटं फक्त आर्टिकल आणि क्रियापदाचा ‘एस’ तपासायला राखून ठेवा. संगणकावर शब्दसंख्या दिसत असते, पण स्पेलिंग कुणी सुधारून देत नाही.

लांबलचक लिहिलं की गुण वाढतात हा समज आला कुठून? अमेरिकेत 2005 मध्ये एसएटी या कॉलेज-प्रवेशाच्या परीक्षेत 25 मिनिटांचा निबंध आला, तेव्हा एमआयटीचे लेस पेरेलमन यांनी दाखवलं होतं की लांबी आणि गुण तिथे हातात हात घालून चालतात. 25 मिनिटांचा तो निबंध 2016 मध्ये बंद झाला. आयईएल्टीएसमध्ये 270 ते 300 शब्द पुरे. त्यापुढे चुकाच वाढतात.

आता खिशाकडे. सरावासाठी केंब्रिजच्या पुस्तकमालेतलं एखादं पुस्तक घ्या. त्यात नमुना निबंधांवर परीक्षकांचे शेरे असतात आणि तेच खरं मोलाचं. जुनी प्रत पुण्यात अप्पा बळवंत चौकात शोधावी. दहा हजार आणि वर मागणारा क्लास लावायचा असेल तर फी भरताना एवढंच विचारा: माझे किती निबंध तपासले जातील, आणि प्रत्येकावर चार निकषांचे वेगवेगळे गुण मिळतील का? ‘दोनशे निबंधांची पीडीएफ देऊ’ असं उत्तर आलं तर उठून या. इंग्रजी बरं असलेल्याला पूर्ण क्लासची गरजही नाही. जाणकाराकडून पाचसहा निबंध पैसे देऊन तपासून घेतले तरी कुठे घसरतो ते कळतं.

निकाल मनासारखा नसेल तर लगेच पूर्ण परीक्षेची फी भरू नका. सहा आठवड्यांच्या आत फेरतपासणी मागता येते. गुण वाढले तर ती फी परत मिळते. सरावात जाणकाराने सतत साडेसहा दिले आणि परीक्षेत सहा आले, अशा वेळी ती मागण्यात अर्थ आहे. एरवी संगणकावर परीक्षा दिलेल्यांना साठ दिवसांच्या आत फक्त रायटिंग पुन्हा देता येतं, तेही पूर्ण फीपेक्षा कमी पैशांत. मात्र असा निकाल सगळीकडे चालत नाही. विद्यापीठाला आणि व्हिसाच्या नियमांना तो चालतो का, हे आधी ईमेलवर लेखी विचारून घ्या, मगच पैसे भरा.