हिमनगांच्या वाटेवर

भूगोलाचे पुस्तक उघडून उत्तर अमेरिकेचा नकाशा समोर घ्या. कॅनडाच्या पूर्व टोकाला न्यूफाउंडलँड नावाचे एक मोठे बेट दिसेल. त्याच्या पूर्व किनाऱ्यावर सेंट जॉन्स हे बंदर आहे. आता याच अक्षांशावरून बोट पूर्वेकडे सरकवत युरोपात न्या. तुमचे बोट पॅरिसच्याही थोडे दक्षिणेकडून जाईल. फ्रान्सजवळच्या समुद्रात कोणी हिमनग पाहिल्याचे तुम्ही ऐकले आहे काय? मात्र सेंट जॉन्सच्या किनाऱ्यावर उभे राहिलात, तर एप्रिलपासून जूनपर्यंत दोन-तीन मजली घरापासून थेट एखाद्या टेकडीएवढे पांढरेशुभ्र हिमनग डोळ्यांसमोरून सरकताना दिसतील. ते पाहण्यासाठी दूरदूरचे प्रवासी येतात. पर्यटकांची मोठी जहाजे या बंदराला लागतात आणि लहान बोटी प्रवाशांना हिमनगांच्या दर्शनाला नेतात.

या बोटींचे तांडेल एक नियम कसोशीने पाळतात. हिमनगाची लांबी किंवा त्याच्या उंचीची दुप्पट, यांपैकी जी संख्या मोठी असेल तेवढे अंतर हिमनगापासून राखायचे. हिमनग ४० मीटर उंच आणि १२० मीटर लांब असेल, तर १२० मीटरच्या आत जायचे नाही. संथपणे तरंगणाऱ्या बर्फाच्या तुकड्याला एवढे का भ्यावे? आजच्या पाठात या प्रश्नाचे उत्तर आपण शोधू. त्यासाठी लागणारे बहुतेक सारे शास्त्र तुमच्या शालेय पुस्तकातच आहे.

हे बर्फ येते कोठून?

समुद्राचे पाणी गोठून जे बर्फ होते, त्याचा हिमनग होत नाही. हिमनग जमिनीवर जन्माला येतो. ग्रीनलँडवर हजारो वर्षे पडलेले हिम थरावर थर साचून, वरच्या भाराने दाबले जाऊन घट्ट बर्फ बनले आहे. हे बर्फ स्वतःच्याच वजनाने हळूहळू उताराकडे सरकते. या सरकत्या बर्फाला आपण हिमनदी म्हणतो. हिमनदीचे तोंड समुद्राला मिळते तेथे बर्फाचे कडे तुटतात आणि प्रचंड आवाज करीत पाण्यात कोसळतात. हेच ते हिमनग.

ग्रीनलँडच्या पश्चिम किनाऱ्यावर इलुलिसाट नावाचे गाव आहे. तेथील भाषेत या नावाचा अर्थच ‘हिमनग’ असा होतो. गावाशेजारच्या खाडीत सर्मेक कुयाल्लेक ही हिमनदी उतरते. जगातील अत्यंत वेगवान हिमनद्यांमध्ये तिची गणना होते. २०१२ च्या सुमारास उन्हाळ्यात ती दिवसाला ४० मीटरहून अधिक सरकत होती. पुढे २०१६ नंतर खाडीत थंड पाणी आल्यामुळे तिचा वेग काही काळ मंदावला. म्हणजे हिमनदीचा वेग केवळ हवेवर नव्हे, तर तिच्या पायाशी असलेल्या समुद्राच्या पाण्यावरही अवलंबून असतो. ही खाडी २००४ साली जागतिक वारसा म्हणून जाहीर झाली.

वाऱ्याविरुद्ध चालणारा प्रवासी

इलुलिसाटहून निघालेला हिमनग सरळ दक्षिणेकडे येत नाही. ग्रीनलँडच्या किनाऱ्याने वाहणारा प्रवाह त्याला आधी उत्तरेकडे नेतो. बॅफिनच्या उपसागराला वळसा घालून तो कॅनडाच्या बाजूला येतो आणि मग लॅब्राडोरचा थंड प्रवाह त्याला दक्षिणेकडे ओढतो. ही सारी वाटचाल सुमारे ३,००० किलोमीटरची असून तिला साधारण दोन-तीन वर्षे लागतात. वाटेत कित्येक हिमनग किनाऱ्यालगत अडकतात, फुटतात, वितळतात. जे उरतात ते न्यूफाउंडलँडपर्यंत पोचतात. फ्रान्सच्या किनारपट्टीकडे मात्र उबदार पाण्याचा प्रवाह जातो. एकाच अक्षांशावर दोन ठिकाणी एवढा फरक का, हे आता तुमच्या लक्षात आले असेल.

हिमनगाचा फार मोठा भाग पाण्याखाली असल्यामुळे त्याच्यावर वाऱ्यापेक्षा प्रवाहाची सत्ता अधिक चालते. म्हणून कधी कधी वारा एका दिशेने आणि हिमनग दुसऱ्याच दिशेने जाताना दिसतो. इंजिन बंद पडलेली बोट वाऱ्याने वाहत असेल आणि समोरून हिमनग प्रवाहाबरोबर येत असेल, तर दोघांची गाठ पडायला वेळ लागत नाही.

सात भाग खाली, एक भाग वर

आता आर्किमिडीजचे तत्त्व आठवा. तरंगणारी वस्तू स्वतःच्या वजनाइतके पाणी बाजूला सारते. समुद्राच्या पाण्याची घनता दर घन सेंटिमीटरला सुमारे १.०२५ ग्रॅम असते. हिमनगाच्या बर्फात हवेचे बारीक बुडबुडे असल्याने त्याची घनता सुमारे ०.९० धरू. पाण्याखालील भागाचे एकूण घनफळाशी प्रमाण काढा :

०.९० ÷ १.०२५ = ०.८८ (जवळजवळ)

म्हणजे शंभरातील ८८ भाग पाण्याखाली आणि १२ भाग पाण्यावर. सोपे करून सांगायचे, तर आठ भागांपैकी सात खाली आणि एक वर.

येथे पुष्कळ जण एक चूक करतात. हिमनग ३० मीटर वर दिसतो, तेव्हा तो २१० मीटर खाली असला पाहिजे, असे ते म्हणतात. परंतु आपण काढलेले प्रमाण घनफळाचे आहे, उंचीचे नव्हे! सारख्या जाडीच्या सपाट लादीला हा हिशेब बरोबर लागू पडतो. आता रुंद तळाचा आणि वर निमुळता होत जाणारा शंकूच्या आकाराचा हिमनग घ्या. त्याच्या टोकाचा पाण्यावर असलेला भागही शंकूच आहे आणि त्याचे घनफळ एकूण घनफळाच्या एक अष्टमांश आहे. समरूप घनाकृतींच्या घनफळांचे प्रमाण त्यांच्या उंचींच्या घनांच्या प्रमाणाइतके असते. १/८ चे घनमूळ १/२. म्हणजे या हिमनगाची निम्मी उंची पाण्यावर आणि निम्मी पाण्याखाली! खरे हिमनग या दोन टोकांच्या मध्ये कोठेतरी असतात. यावरून धडा असा, की वरचा आकार पाहून खालच्या आकाराचा अंदाज बांधता येत नाही. दिसणाऱ्या कड्यापासून बऱ्याच अंतरावर पाण्याखाली बर्फाचा सुळका पसरलेला असू शकतो.

चालण्यापेक्षा हळू, तरीही भयंकर

समजा, एका मध्यम हिमनगाचा पाण्यावर दिसणारा भाग २०,००० घनमीटर आहे. मग संपूर्ण हिमनग त्याच्या आठपट, म्हणजे १,६०,००० घनमीटर. एक घनमीटर बर्फाचे वस्तुमान ०.९ टन धरले, तर एकूण १,४४,००० टन होतात. तो सेकंदाला केवळ २० सेंटिमीटर सरकतो आहे असे माना. आपण रमतगमत चाललो तरी याच्या कितीतरी पट वेगाने जातो. आता गतिज ऊर्जेचे सूत्र लावा. उत्तर सुमारे २८,८०,००० ज्यूल येते. १० टन वजनाचा, मालाने भरलेला ट्रक ताशी सुमारे ८६ किलोमीटर वेगाने धावत असेल, तर त्याची गतिज ऊर्जा एवढीच असते! शिवाय येथे आपण जहाज उभे आहे असे गृहीत धरले. जहाजच वेगाने हिमनगावर गेले तर काय होईल?

हे जगाने १९१२ साली पाहिले. त्या वर्षी १४ एप्रिलच्या रात्री ‘टायटॅनिक’ हे जहाज ताशी सुमारे ४० किलोमीटर वेगाने न्यूफाउंडलँडच्या दक्षिणेकडील समुद्रातून चालले होते. त्या भागात बर्फ असल्याचे बिनतारी संदेश त्याला मिळाले होते. रात्र निरभ्र होती, पण समुद्र इतका शांत होता, की हिमनगाच्या पायाशी फुटणाऱ्या लाटांचा फेसही दिसला नाही. टक्कर झाल्यावर तीन तासांच्या आत जहाज बुडाले आणि सुमारे १,५०० माणसे प्राणास मुकली.

कोलांटी उडी

जहाज मुळीच न आदळले तरी धोका संपत नाही. हिमनग सर्व बाजूंनी सारखा वितळत नाही. पाण्याच्या पातळीशी लाटा त्याला खणतात, खालचा भाग एका बाजूने झिजतो, वरचा एखादा कडा तुटून पडतो. त्यामुळे गुरुत्वमध्य आणि उद्धरणाचा मध्य यांचा मेळ बिघडतो, आणि कोणतीही पूर्वसूचना न देता लाखो टनांचा डोंगर उलटतो. पाण्याखालचा सुळका वर येतो, कडे कोसळतात, मोठ्या लाटा उठतात. सुरुवातीला सांगितलेला अंतराचा नियम यासाठी आहे.

या भीतीचा अनुभव २०१८ च्या जुलैमध्ये वायव्य ग्रीनलँडमधील इनार्सुइट या छोट्या गावाने घेतला. सुमारे १०० मीटर उंचीचा आणि एक कोटी टनांहून अधिक वजनाचा हिमनग गावाच्या अगदी जवळ येऊन थांबला. तो फुटला असता तर उठणाऱ्या लाटांनी किनाऱ्यावरची घरे वाहून गेली असती. म्हणून उतारावरच्या घरांतील लोकांना उंच जागी हलवावे लागले. सुदैवाने काही दिवसांनी वारा व भरती यांच्या जोराने हिमनग दूर गेला.

नाविकांना मात्र डोंगराएवढ्या हिमनगापेक्षा लहान तुकड्यांची धास्ती अधिक वाटते. पाण्यावर एक मीटरही न दिसणारा तुकडा लाटांत लपतो. बर्फावरून रडारच्या लहरी फारशा परतत नाहीत, त्यामुळे तो रडारच्या पडद्यावरही सहज सापडत नाही. त्यात या भागात धुके फार. दक्षिणेकडची उबदार, दमट हवा लॅब्राडोरच्या थंड पाण्यावर आली, की तिच्यातील बाष्पाचे बारीक थेंब होतात. नोव्हेंबर २००७ मध्ये अंटार्क्टिकाजवळ ‘एक्सप्लोरर’ नावाचे पर्यटक जहाज बर्फाला धडकून बुडाले. बर्फातून जाण्यासाठी त्याचे अंग मुद्दाम मजबूत केलेले होते, तरीही त्याला भोक पडले. समुद्र शांत असल्याने आणि मदतीला दुसरे जहाज वेळेवर पोचल्याने त्यावरील सर्व १५४ जण वाचले.

समुद्रावरचे पहारेकरी

टायटॅनिकच्या दुर्घटनेनंतर अनेक राष्ट्रांनी मिळून १९१४ पासून या भागात हिमनगांवर गस्त सुरू केली. हे काम अमेरिकेच्या तटरक्षक दलाकडे आहे. आरंभी जहाजांतून, दुसऱ्या महायुद्धानंतर विमानांतून आणि आता प्रामुख्याने उपग्रहांच्या साहाय्याने हिमनग शोधले जातात. प्रवाह आणि वारे यांच्या गणितावरून ते कोठे जातील हे ठरवून जहाजांना इशारे दिले जातात. ४८ अंश उत्तर अक्षांश ओलांडून किती हिमनग दक्षिणेकडे आले याचीही नोंद ठेवली जाते. १९८४ साली ही संख्या २,२०० वर गेली होती, तर १९६६ आणि २००६ साली एकही हिमनग आला नाही. त्यामुळे एका वर्षाचा आकडा पाहून घाईने निष्कर्ष काढू नये.

न्यूफाउंडलँडच्या पूर्वेकडील समुद्रात खनिज तेलाच्या विहिरी आहेत. हिमनग त्यांच्या रोखाने आला, तर जहाजे त्याच्याभोवती लांब तरंगता दोर टाकून त्याला ओढू लागतात. हिमनग थांबवणे अशक्य असते, पण त्याची वाट थोडीशी वळवता येते. दूर असतानाच वाट थोडी वळवली, की तो विहिरीपासून पुरेशा अंतरावरून निघून जातो.

आपला काय संबंध?

तरंगणारा हिमनग वितळल्याने समुद्राची पातळी जवळजवळ वाढत नाही, कारण त्याने पाणी आधीच बाजूला सारलेले असते. पातळी वाढते ती जमिनीवरचे बर्फ समुद्रात उतरते तेव्हा. गेल्या वीस-बावीस वर्षांत ग्रीनलँडने दर वर्षी सरासरीने सुमारे २७० अब्ज टन बर्फ गमावले आहे. ३६० अब्ज टन पाण्याने जगभरातील समुद्र सुमारे एक मिलिमीटर वर येतो. या हिशेबाने केवळ ग्रीनलँडमुळे समुद्र दर वर्षी पाऊण मिलिमीटर चढतो. सारे समुद्र एकमेकांना जोडलेले असल्यामुळे, इलुलिसाटच्या खाडीत कडा कोसळतो तेव्हा त्याचा अत्यल्प का होईना, पण हिशेब मुंबईच्या आणि कोकणच्या किनाऱ्यावरही मांडला जातो.

करून पाहा

१. पेल्यात बर्फाचे खडे टाकून पाण्याच्या पातळीवर खूण करा. बर्फ वितळल्यावर पातळी पाहा. दुसऱ्या पेल्यात पाण्याबाहेर डोके काढणारा दगड ठेवून त्यावर बर्फ ठेवा. या वेळी पातळीचे काय होते?

२. स्टीलच्या उंच पेल्यात पाणी गोठवून बर्फाचा गोळा बादलीतील पाण्यात सोडा. तो उभा राहतो की आडवा होतो? अर्धा तास लक्ष ठेवा. तो केव्हा आणि का कूस बदलतो, ते वहीत लिहा.

३. बादलीतल्या पाण्यात तीन-चार मुठी मीठ विरघळवून तोच प्रयोग पुन्हा करा. बर्फ पाण्यावर अधिक दिसते की कमी? घनतेचे सूत्र वापरून कारण सांगा.

४. शिक्षकांच्या मदतीने वरील हिशेबातील गतिज ऊर्जा स्वतः काढा. हिमनगाचा वेग दुप्पट झाला तर ऊर्जा किती पट होईल? ट्रकचा वेग किती धरावा लागेल?