सर्व्हरचे घड्याळ व लॉगिनची अडचण

‘सर्व्हर बंद आहे’ हे शब्द शिक्षकांच्या कानी नित्य पडतात. परंतु सर्व्हर चालू असूनही तो कोणास आत घेत नाही, हा प्रकार निराळा होय. त्याचे एक कारण घड्याळात सापडते. वरच्या इयत्तांत कालमापनाचा पाठ घेताना हे उदाहरण उपयोगी पडेल.

समजा, एका सहकारी दूध संस्थेच्या कचेरीत रात्री वीज गेली व पहाटे आली. सर्व्हर पुन्हा सुरू झाला, दिवे लागले, पंखा फिरू लागला. दहा वाजता कारकून कामावर आले, तो प्रत्येकास नकार मिळू लागला. दिवस नेमका उत्पादकांच्या दूधबिलाचा. अशा वेळी पहिला संशय पासवर्डवर जातो. कोणी घाबरून निरनिराळे पासवर्ड टंकून पाहतो. आणि काही चुकांनंतर खाते बंद करण्याचा नियम असल्यास एका अडचणीच्या दोन होतात. वस्तुतः पासवर्ड बिनचूकच असतो.

अनेक कचेऱ्यांतून माणसाची ओळख पटविण्याचे काम दुसऱ्याच एका संगणकाकडे सोपविलेले असते. यासाठी वापरात असलेल्या पद्धतीस कर्बेरॉस म्हणतात. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स तंत्रविद्यासंस्थेत १९८३ साली सुरू झालेल्या अथेना प्रकल्पात ती निर्माण झाली. ग्रीक पुराणात पाताळाच्या दाराशी बसणाऱ्या तीन तोंडांच्या कुत्र्याचे हे नाव आहे. ओळख पटल्यावर त्या संगणकाकडून कारकुनाच्या यंत्रास एक सांकेतिक तिकीट मिळते. ते घेऊन ते यंत्र सर्व्हरच्या दाराशी येते व सोबत त्या क्षणाची वेळ गुप्त लिपीत लिहून देते. सर्व्हर ती वेळ स्वतःच्या घड्याळाशी ताडून पाहतो. दोहोंत सामान्यतः पाच मिनिटांहून अधिक अंतर आढळल्यास तो दार उघडत नाही.

हा कडकपणा अनाठायी नाही. तारेवरून जाणारा संदेश एखाद्या चोराने जसाच्या तसा उतरून घेतला व मागाहून पुढे केला, तर लिपी न उलगडताही त्याचा शिरकाव होईल. वेळ लिहिलेली असल्यामुळे शिळा संदेश ओळखू येतो. ताज्या संदेशांची नोंद सर्व्हर तेवढ्या अवधीपुरती जवळ ठेवतो. म्हणूनच पाच मिनिटांची मर्यादा पाच तासांवर नेऊन अडचण मिटविणे, हा उपाय त्याज्य समजावा.

आता सर्व्हरचे घड्याळ चुकते कसे? वीज नसताना वेळ राखण्यासाठी संगणकात एक स्फटिक व एक गोल चपटी बॅटरी असते. पुष्कळ यंत्रांतील बॅटरीवर ‘सीआर २०३२’ असे लिहिलेले दिसते. पैकी २० हा मिलिमीटरमधील व्यास आणि ३२ म्हणजे ३.२ मिलिमीटर जाडी. स्फटिक सेकंदास ३२,७६८ वेळा कंप पावतो. ही संख्या पंधरा वेळा निम्मी केली की बरोबर १ उरतो. मुलांकडून हा भागाकार फळ्यावर अवश्य करवून घ्यावा.

स्फटिकात दहा लाखांत वीस भागांची चूक असली, तरी दिवसाच्या ८६,४०० सेकंदांत ती पावणेदोन सेकंदांहून कमीच भरते. तीनशे सेकंद चुकावयास पाच महिन्यांहून अधिक काळ लागेल. तेव्हा एका रात्रीत घड्याळ तासांनी वा वर्षांनी चुकले असेल, तर दोष स्फटिकाच्या मंदगतीचा नव्हे. चूक किती आहे, हे पाहिल्यानेच तिचे कारण उमगते. घड्याळ अनेक वर्षे मागे गेले असेल, तर बॅटरी संपली असण्याचा संभव मोठा. नेमका साडेपाच तासांचा फरक दिसल्यास बॅटरीस बोल लावू नये. भारतीय प्रमाणवेळ जागतिक वेळेच्या साडेपाच तास पुढे आहे. आतील घड्याळाची वेळ कोणती मानावी, याविषयी यंत्राची समजूत चुकलेली असते. विंडोज हे घड्याळ स्थानिक वेळेवर ठेवते, लिनक्स सामान्यतः जागतिक वेळेवर.

इंटरनेटवरून वेळ मिळविण्याची पद्धत १९८५ पासून आहे. भारतातील संस्थांनी त्यासाठी राष्ट्रीय सूचना केंद्र वा राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळा यांच्या घड्याळांशी जुळते राहावे, असा निर्देश २८ एप्रिल २०२२ रोजी काढण्यात आला. तरीही वीज येताच सर्व्हर आधी जागा होतो व इंटरनेटची जोडणी मागाहून मिळते. शिवाय फार मोठी तफावत दिसल्यास वेळ जुळविणाऱ्या काही आज्ञावली ती दुरुस्त न करता थांबतात.

अशा प्रसंगी व्यवस्थापकाने सर्व्हरपाशीच बसून त्या यंत्राच्या स्थानिक खात्याने प्रवेश करावा, कारण त्यास तिकीट लागत नाही. या खात्याचा पासवर्ड मोहोरबंद पाकिटात आधीच ठेवलेला असावा. पुष्कळ ठिकाणी तो कोणासच आठवत नाही आणि अर्धा दिवस त्यातच जातो. प्रथम दिनांक, मग जागतिक वेळेपासूनचे अंतर, शेवटी तास व मिनिटे तपासावीत. घड्याळ सुधारेपर्यंत हिशेबाची एकही नोंद करू देऊ नये, अन्यथा पावत्यांवर भलतेच दिनांक पडतात. वेळ जुळली की कारकुनांजवळील मुदतीतील तिकिटे चालू लागतात. नवा पासवर्ड कोणासही द्यावा लागत नाही. बॅटरी मात्र पुन्हा वीज जाण्यापूर्वीच बदलावी.